टिलरी गावात गोळी सुटते

गोळी आपली आपण सुटत नाही, असं ठाम मत असणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. ती बहुधा टिलरीत राहिलेली नसतात.

मिसूरी राज्यातल्या या गावाची लोकसंख्या अकराशे चाळीस आणि बंदुका (फक्त कबूल केलेल्या) तीन हजार नऊशे. म्हणजे दर माणशी तीनाहून जास्तच. यात पाळण्यातली बाळंही धरली आहेत, कारण त्यांच्या नावानेही आजोबांनी एखादी घेऊन ठेवलेली असते. गेल्या दहा वर्षांत या बंदुकांतून सदतीस वेळा गोळी सुटली. साफसफाई करताना एकवीस वेळा, गाडीतून उतरताना नऊ, कुत्र्याने पाय दिल्यामुळे तीन, शिंक आल्यामुळे दोन आणि बंदूक रिकामी आहे हे दाखवताना दोन. पहिल्या आकड्यावरून गावाच्या स्वच्छतेची कल्पना यावी. पोलिसांच्या छापील अर्जात ‘गोळी कोणी झाडली’ असा एक रकाना आहे. तो सदतीसही वेळा कोरा राहिला. लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

अडतिसावी गोळी लव्हॉन प्रूएट यांच्या वाट्याला आली.

लव्हॉनबाईंनी टिलरीच्या शाळेत चौतीस वर्षं चौथीला व्याकरण शिकवलं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि उरलेलं निम्मं त्यांच्यासमोर बोलताना वाक्य लहान ठेवत असे. त्यांचे यजमान ऑर्व्हल प्रूएट हे गावाचे बंदूक-सुरक्षेचे शिक्षक. बावीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी, चर्चच्या तळघरात ते वर्ग घेत. माणूस इतका मऊ, की घरात कोळी निघाला तर त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडून येणार आणि वर तो नीट पोचला का ते वाकून बघणार.

त्या शनिवारी वर्गात अकरा जण होते. ऑर्व्हल पहिला नियम सांगत होता: बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजावं. नियम नीट ठसावा म्हणून त्याने स्वतःचं पिस्तूल उचललं आणि म्हणाला, “आता हे रिकामं आहे, पण समजा...”

गोळी पातळ भिंतीतून पलीकडच्या स्वयंपाकघरात गेली, कॉफीच्या पिंपाच्या तोटीला चाटून गेली आणि दुपारच्या जेवणासाठी बटाट्याचं सॅलड कालवणाऱ्या लव्हॉनबाईंच्या डाव्या दंडातून आरपार झाली. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

लव्हॉनबाई हातात डाव घेऊन दारात आल्या.

“ऑर्व्हल, मला गोळी लागलीय.”

ऑर्व्हल पांढराफटक पडला होता. तरी त्याच्या तोंडून पहिलं जे निघालं ते हेच, “अगं, पण तू तिथे काय करत होतीस?”

इस्पितळ चोवीस मैलांवर. ऑर्व्हलने गाडी इतकी जपून चालवली की पोचायला पाऊण तास लागला. डॉक्टर म्हणाले, हाड वाचलं, फक्त मांसातून गेली, नशीबवान आहात. (टिलरीत नशीबवान माणसांचं प्रमाण दर हजारी बत्तीस आहे. ज्यांना गोळी लागलीच नाही, त्यांची मोजदाद नशिबात होत नाही.)

हाताला पट्टी होते न होते तोच पोलिसांतला डस्टिन हॉलोमन अर्ज घेऊन हजर झाला. तोही चौथीत लव्हॉनबाईंकडेच होता. त्याने लिहून आणलेलं वाचून दाखवलं, “गोळी सुटली आणि श्रीमती प्रूएट यांना लागली. इथे सही करा, बाई.”

“डस्टिन, या वाक्यात कर्ता कोण?”

डस्टिनने नकळत टोपी काढली. “गोळी, बाई.”

“गोळीने काय केलं?”

“सुटली.”

“आणि मग?”

“लागली.”

“सगळं तिने एकटीनेच केलं? चाप कुणी ओढला?”

डस्टिनने खिडकीबाहेर पाहिलं. ऑर्व्हल गाडीला टेकून रुमालाने डोळे पुसत होता. “चाप... ओढला गेला, बाई.”

“चौथीत तुला हा प्रयोग येत नव्हता म्हणून मी तीन दिवस मधल्या सुट्टीत बसवून ठेवलं होतं तुला.”

“मग आता आला ना, बाई,” डस्टिन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

लव्हॉनबाईंनी सही केली नाही. अर्ज सहीविना दाखल झाला. सही करायला माणूस लागतो, दाखल मात्र अर्ज आपला आपण होतो.

टिलरीची माणसं फार मायेची. कुणाच्या घरी गोळी लागली की लगेच फोन फिरतात आणि कोण कोणत्या दिवशी जेवण पोचवणार ते ठरतं. प्रूएटांच्या घरी पहिल्या आठवड्यात एकोणीस भांडी आली. त्यांतली तेरा बटाटा आणि चीजची, चार शेवयांची, एक सफरचंदाच्या पायची आणि एक कशाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. सोबत चौदा शुभेच्छापत्रं आली. अकरा ऑर्व्हलच्या नावाने होती.

येणारा प्रत्येक जण आधी ऑर्व्हलला मिठी मारी. मग त्याची पाठ थोपटी. मग लव्हॉनबाईंना विचारी, “कसा आहे तो?”

शेजारची बर्नीस तर पदार्थाचं झाकण काढायच्या आधीच रडायला लागली. “बिचारा गं! घासभर जेवत नाही म्हणे.”

“जेवतो की. मी एका हाताने करून घालतेय.”

“बघ, मनाला किती लावून घेतलंय! आणि लव्हॉन, एका अर्थी बरंच झालं तू मध्ये उभी होतीस. मागेच नवा पियानो होता.”

लव्हॉनबाईंनी पियानोबद्दल समाधान व्यक्त केलं.

खरं तर त्यांना गोळीचा राग नव्हता. दंड दुखत होता, पण तो भरून येत होता. ऑर्व्हलही हवं-नको बघत होता. सकाळी पावाला लोणी लावून देई, बुटांच्या नाड्या बांधी, केससुद्धा विंचरी (भांग वाकडा पडे). सगळं करी, फक्त एक वाक्य बोलत नसे. “झालं त्याचं मला फार वाईट वाटतं, लव्हॉन,” एवढंच म्हणे. त्या विचारायच्या, “काय झालं त्याचं?” तो म्हणायचा, “ते... जे झालं ते.” एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्या दोघांत पहिल्यांदाच तिसरं कुणीतरी येऊन बसलं होतं. त्या तिसऱ्यानेच सगळं केलं होतं आणि आता त्याला उठा म्हणायची सोय नव्हती. एकदा नाड्या बांधताना ऑर्व्हलच्या टकलाकडे बघता बघता बाईंना वाटलं, हा एकदा नुसतं ‘मी’ म्हणाला ना, तर हात दुखायचा थांबेल.

चर्चच्या सुरक्षा समितीने घटनेची कसून चौकशी केली. समितीचा अहवाल सव्वादोन पानांचा होता. कॉफीचं पिंप धोक्याच्या जागी ठेवलेलं आढळलं, सबब ते हलवावं. चर्चच्या स्वयंपाकघरात वावरणाऱ्या महिलांनी शिकारीत घालतात तसं नारिंगी जाकीट घालावं. बटाट्याचं सॅलड शक्यतो घरूनच करून आणावं. पिस्तुलाबद्दल समितीचं मत अनुकूल होतं. शिवाय अपघात म्हटला की तो करणारा कुणीतरी लागतो, इथे तसं कुणी सापडलं नाही, त्यामुळे ऑर्व्हल प्रूएट यांच्या बिनअपघाती सेवेची बावीस वर्षं अबाधित आहेत आणि त्यांचा सत्कार पुढच्या रविवारी ठरल्याप्रमाणे व्हावा, असंही समितीने एकमताने ठरवलं.

रविवारी चर्च भरलं होतं. पास्टर ग्रेडी यांनी अक्रोडाच्या लाकडाची फळी ऑर्व्हलच्या हातात दिली. तिच्यावर पितळी अक्षरांत होतं: बावीस वर्षं, एकही अपघात नाही. लोक उभे राहिले. सगळ्यांत जास्त टाळ्या त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने वाजवल्या.

“दोन शब्द बोल, ऑर्व्हल,” पास्टर म्हणाले.

ऑर्व्हल माईकपाशी आला. तिसऱ्या रांगेत लव्हॉनबाई बसल्या होत्या. डावा हात गळ्यात, अंगावर नारिंगी जाकीट. नंतरच्या जेवणाची पाळी त्यांची होती आणि नियम म्हणजे नियम.

“ते पिस्तूल...” ऑर्व्हल म्हणाला आणि थांबला. “म्हणजे, त्या दिवशी जे...” पुन्हा थांबला. त्याचे कान लाल झाले. त्याने फळी खाली ठेवली.

“आत गोळी आहे का ते मी बघितलं नाही,” तो म्हणाला. “चाप मी ओढला. मी माझ्या बायकोला गोळी घातली.”

दोन आठवड्यांत लव्हॉनबाई एकदाही रडल्या नव्हत्या. इस्पितळात नाही, बर्नीससमोर नाही. आता मात्र सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडल्या, जाकिटाच्या बाहीला नाक पुसलं आणि म्हणाल्या, “बरोबर.”

समितीची तातडीची बैठक वीस मिनिटांत बाहेर गाड्या लावतात तिथेच भरली. बायकोला गोळी घालणाऱ्या माणसाच्या हाती गावाची सुरक्षा कशी सोपवायची, असा साधा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर नव्हतं. ऑर्व्हलला त्याच दिवशी काढून टाकलं. फळी परत घेतली.

“सुटली असती तर गोष्ट वेगळी होती रे,” पास्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. त्यांनाही मनापासून वाईट वाटत होतं. “तुला हे बोलायची काय गरज होती?”

डस्टिनने नवा अर्ज भरला. ‘गोळी कोणी झाडली’ या रकान्यात प्रूएट हे नाव मावेना. “हा एवढुसाच आहे, बाई,” तो ओशाळून म्हणाला. “आजवर कुणी वापरलाच नाही.” ऑर्व्हलने पिस्तूल त्याच्या हवाली केलं आणि पुन्हा कधी मागितलं नाही.

वर ऑर्व्हलला शिक्षा झाली: बंदूक-सुरक्षेचा वर्ग, सक्तीने, सहा शनिवार. वर्ग आता बर्नीसचा नवरा लीरॉय घेतो. त्याच्याकडून गोळी दोनदा सुटली आहे (दोन्ही वेळा साफसफाई करताना), त्यामुळे तो अनुभवी समजला जातो. ऑर्व्हल दर वेळी टेबलाच्या आडोशाची जागा पकडतो. लव्हॉनबाई रस्त्यापलीकडे गाडीत थांबतात. वर्ग सुटला की तो धडधाकट चालत बाहेर येतो, त्या दार उघडतात, आणि दोघं घरी जाऊन सॅलड कालवतात. बटाटे तो चिरतो, चुका त्या काढतात. दंड आता दुखत नाही. गावातले काही जण अजून ऑर्व्हलशी जपूनच बोलतात. खिशात पिस्तूल असलेल्या माणसांनी निःशस्त्र माणसाला इतकं घाबरल्याचं उदाहरण आसपासच्या गावांत दुसरं नाही.

असो. ही हकीकत वाचताना तुम्हांलाही दोन-चार ठिकाणी हसू आलं असेल. एका म्हाताऱ्या बाईच्या दंडातून गोळी आरपार गेली, आणि हसू आलं. मनाला लावून घेऊ नका. तुम्ही कुठे हसलात? ते आपलं आलं.