एका निरोगी जहाजाची हकिकत

आजारी पडणं ही मुळात जमिनीवरच्या लोकांची चैन आहे. जमिनीवर माणसाला ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवायला आई असते, औषध सुचवायला शेजारी असतात आणि "तरी मी सांगत होते" म्हणायला बायको असते. मालवाहू जहाजावर वीस माणसं असतात आणि वीस माणसांचं काम असतं. आजारी पडण्यासाठी एकविसावा माणूस लागतो, आणि ते पद अद्याप मंजूर झालेलं नाही.

तरीही जहाजावरची आरोग्यव्यवस्था उत्तम असते, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. या जहाजावर तर डॉक्टरही होता. म्हणजे तसा तो सेकंड ऑफिसर, नकाशे आणि दिशा पाहणारा. पण औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असल्यामुळे सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. त्यासाठी त्याने रीतसर काही दिवसांचा वर्ग केला होता. तिथे त्याने संत्र्याला इंजेक्शन दिलं, रबरी माणसाला बँडेज बांधलं आणि दोघांनीही तक्रार न केल्यामुळे वर्गात पहिला आला. जहाजावर दवाखानाही होता: दोन खाटा, स्वतंत्र न्हाणीघर, खेळती हवा. हवा इतकी खेळती की स्वयंपाक्याने कांद्याची पोती तिथेच ठेवली होती. (वर्षभरात एकही कांदा नासला नाही. दवाखान्याच्या यशाचा याहून मोठा पुरावा मागणं हा कोतेपणा होईल.)

डॉक्टरला स्वतःला एकच दुखणं होतं आणि त्यावर कपाटात गोळी नव्हती. त्याला घरी जायचं होतं. पहिली मुलगी झाली तेव्हा तो समुद्रावर होता. तिला त्याने पहिल्यांदा उचललं तेव्हा ती रांगत होती, आणि घरात चोर शिरल्यासारखी किंचाळली होती. ते किंचाळणं त्याच्या मनातून जात नव्हतं. आता बायकोचे पुन्हा दिवस भरत आले होते. पुढच्या बंदरात तो उतरणार होता आणि त्याच्या जागी दुसरा माणूस चढणार होता.

"अहो, या खेपेला नक्की ना?" बायकोने फोनवर विचारलं.

"नक्की. अगं, तिकीटसुद्धा काढलंय."

"मागच्या खेपेलाही काढलं होतं."

इथे फोन कटला. समुद्रावरचे फोन असे समजूतदार असतात.

त्याच आठवड्यात इंजिनखोलीतल्या फिटरच्या अंगावर फोड उठले. पोटावर, पाठीवर, थेट मिशीतसुद्धा. डॉक्टरने पाहताक्षणी ओळखलं, कारण त्याला स्वतःला शाळेत असताना येऊन गेल्या होत्या.

"कांजिण्या आहेत या."

"काय बोलता साहेब! कांजिण्या पोरांना होतात. नातू हसेल मला."

डॉक्टरने किनाऱ्यावर, कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिकडचे साहेब अत्यंत शांत होते. रोगापासून हजारो मैल दूर असलं की माणसाला अशी शांती लाभते.

"कांजिण्या हा शब्द वापरू नका. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही, साहेब."

"मग निदान कसं करता? पुरळ म्हणा. साबण कोणता वापरता तुम्ही लोक?"

साबण बदलण्याचा आदेश निघाला. साबण बदलण्यात आला. आकडेवारी बोलकी आहे: जुन्या साबणाने एक जण पुरळला होता, नव्या साबणाने दोन आठवड्यांनी एकदम चौदा. ऑफिसने आकडे बारकाईने तपासले आणि तिसरा साबण सुचवला.

मग कप्तानाने सभा घेतली. रोग्यांना निरोग्यांपासून वेगळं ठेवावं, असा नियम आहे. पण आता रोगी पंधरा होते आणि निरोगी पाच. चीफ इंजिनीअर स्वतः ठिपक्याठिपक्यांचा झाला होता, पण डोकं शाबूत होतं. पंधरा माणसं कोंडायला पंधरा खोल्या लागतात आणि पाच कोंडायला एक पुरते, हे त्याने दाखवून दिलं. नियमात कोणाला कोंडावं हे लिहिलेलं नाही, फक्त वेगळं ठेवा एवढंच म्हटलंय. त्यानुसार पाची निरोगी कांद्यांसोबत दवाखान्यात राहायला गेले आणि जहाज फोडवाल्यांनी चालवलं. उत्तम चालवलं, हेही सांगायला हवं. अंगाला खाज सुटलेला माणूस पहाऱ्यावर डुलकी घेत नाही.

फक्त सारंगाचं काही खरं नव्हतं. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पन्नाशी ओलांडलेला, एरवी लोखंड चावून खाईल असा. पोरांना कांजिण्या अंगावर येतात, मोठ्यांच्या कधीकधी छातीत उतरतात. त्याला जिना चढवेना. बोलताना मधेच थांबून तो श्वास शोधायचा. डॉक्टर कांद्यांतून उठला आणि कप्तानाकडे गेला.

"साहेब, सारंगाला हॉस्पिटल लागेल. बंदराला खरं सांगून टाकू."

"सांगू की," कप्तान म्हणाला. "सांगितलं की ते आपल्याला बाहेर नांगरावर उभं करतील. दोन आठवडे, तीन आठवडे. कोणी उतरणार नाही, कोणी चढणार नाही. तुझं तिकीट कधीचंय?"

"शुक्रवारचं."

"मग? सांगू?"

डॉक्टरला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण लाज वाटली म्हणून कोणी तिकीट फाडत नाही.

बंदराचे आरोग्य अधिकारी लाँचमधून आले. ते जहाजावर चढले नाहीत. एक तर त्यांचे गुडघे दुखत, आणि दुसरं म्हणजे साथीपासून स्वतःला जपणं हे आरोग्य अधिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे, या मताचे ते होते. त्यांनी भोंग्यातून हुकूम सोडला: सगळ्यांनी कठड्यापाशी येऊन एकेकाने समोरून जावं. मग दुर्बीण डोळ्याला लावली.

पाच निरोगी माणसं कठड्यापाशी आली. समोरून गेली, खोल्यांच्या मागे वळली, टोप्या बदलल्या, पुन्हा आली. कोणी लंगडलं, कोणी छाती काढली, स्वयंपाक्याने एकदा चष्मा लावला. अभिनयाचं शिक्षण नसताना हे त्यांनी केलं, याची कुठेही नोंद नाही. मोजायचं काम मात्र कोणाकडेच दिलेलं नव्हतं.

"बावीस झाले," भोंगा म्हणाला. "तुम्ही वीस ना?"

कप्तान घाईघाईने बोटांवर मोजू लागला. खाली अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला.

"असो. दोन निरोगी जास्त भरले तर आमच्या खात्याची हरकत नाही. कमी भरले असते तर पंचाईत होती. तो निळ्या टोपीतला मात्र फार ओढलेला दिसतो. त्याला विश्रांती द्या."

निळ्या टोपीत डॉक्टर होता. त्याची ती पाचवी फेरी होती.

जहाज पूर्णपणे निरोगी असल्याचं जाहीर झालं आणि धक्क्याला लागलं. आता डॉक्टरने सारंगासाठी ॲम्ब्युलन्स मागितली. ऑफिसच्या साहेबांनी त्याला समजावलं की निरोगी जहाजावरून रोगी उतरूच शकत नाही, तर्काला सोडून होईल ते. अपघात मात्र चालतो. अपघात कोणालाही होतो, आणि तो संसर्गजन्य नसतो.

म्हणून सारंग जिन्यावरून पडला. डॉक्टरने त्याच्या घोट्याला इतकं सुबक बँडेज बांधलं की रबरी माणसाला हेवा वाटला असता. स्ट्रेचर उचलताना सारंगाने त्याची बाही धरली.

"साहेब, पाय माझा चांगला आहे हो."

"माहीत आहे, सारंग. तिथे पोचलात की जोरात खोका."

हॉस्पिटलात दोन दिवस सारंगाच्या पायाचे एक्स-रे निघाले. तिसऱ्या दिवशी कोणाचं तरी छातीकडे लक्ष गेलं. सारंग जगला, पण पुन्हा जहाजावर चढण्याइतका राहिला नाही. कंपनीने मात्र हात बांधून बसणं नाकारलं. माल उतरवणं दोन दिवस थांबवून जिन्याची कसून चौकशी केली आणि प्रत्येक पायरीवर पिवळा पट्टा मारला. तेव्हापासून त्या जिन्यावरून एकही कांजिण्यांचा रुग्ण पडलेला नाही.

डॉक्टरने बॅग भरली होती. ऑफिसचा फोन आला.

"अभिनंदन! एवढा लांबचा प्रवास आणि एकही रोगी नाही. असा माणूस आम्ही सोडू होय? बदलीचा माणूस दुसऱ्या जहाजावर पाठवला. तुम्ही आणखी तीन महिने थांबा."

"साहेब, माझी बायको..."

"त्याही निरोगीच असतील ना?"

बायकोला त्याने फोन केला. ती रागावली नाही, रडली नाही. "बरं," म्हणाली, आणि आधीच भरून ठेवलेलं ताट झाकावं तसा विषय झाकून टाकला. जहाज भर समुद्रात असताना मुलगा झाला. फोनवर त्याचं चित्र कपाळापर्यंत आलं आणि तिथेच थिजलं.

एवढं वाचून आपल्याला कप्तानाचा, ऑफिसचा, त्या दुर्बीणवाल्याचा राग आला असेल. ते सज्जन माणसाचं लक्षणच आहे. फक्त त्या जहाजात काय होतं ते सांगायचं राहिलं. इतर हजारो वस्तूंबरोबर त्यात बॅटरीवर चालणारी एक लाल मोटार होती. आपण ती मुलाच्या वाढदिवसासाठी मागवली होती, आणि जिन्याच्या चौकशीपायी ती दोन दिवस उशिरा आली. आपण लगेच तक्रार लिहिलीत, फार कळवळून लिहिलीत. अशा तक्रारी कर्मचाऱ्यांच्या प्रबोधनासाठी जहाजावर वाचून दाखवाव्यात, असं कंपनीचं धोरण आहे. जेवणाच्या खोलीत ती वाचायचं काम डॉक्टरकडे आलं.

"मुलाच्या आयुष्यातला असा दिवस पुन्हा येत नाही," आपण लिहिलं होतं. "त्या दिवशी बापाच्या मनाला काय वाटलं असेल, याचा तुमच्या लोकांनी कधी विचार केलाय का?"

डॉक्टरने ती एकदा मोठ्याने वाचली, मग एकदा मनातल्या मनात. त्याला ती पूर्णपणे पटली.