दयाळाचे घर राजाने आपले हाताने बांधून बागेत उभे केले त्याची हकीकत

श्रीगणरायास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्या वाऱ्याने पांगारा पाडिला त्या वाऱ्यासही दुरूनच वंदन, की त्याने फिरोन इकडे येऊ नये. शके १६८७, पार्थिवनाम संवत्सर, चैत्रमासी वद्यपक्षापासोन जे वर्तले ते लिहितो. राज्य लहान. नाव लिहीत नाही, कारण शेजारचे दरबारी हसतील. राज्यास राजे उदाजीराव, तलवारीस शूर आणि घरात भित्रे. हे निंदा म्हणोन लिहीत नाही. त्या वर्षी आम्ही सर्वच भित्रे होतो. कारण की राणीसाहेब सगुणाबाई गरोदर होत्या, आणि मागे दोन वेळा पाळणा सजवून रिकामा उतरवावा लागला होता. तेव्हा या खेपेस वर्तमान कळताच राजांनी हुकूम केला की राणीसाहेबांनी महालाबाहेर पाऊल ठेवू नये, आणि महालाजवळ नगारा वाजू नये, आणि दाराशी अष्टौप्रहर पहारा असावा, आणि वैद्याने सकाळ संध्याकाळ नाडी पाहावी, आणि तुपाची वाटी प्रथम दिवाणांनी हुंगावी मग आत जावी. दिवाण त्रिंबकपंत वृद्ध गृहस्थ, त्यांचे तूप हुंगून हुंगून जेवणच सुटले. राणीसाहेबांस करमणूक एकच उरली. खिडकीसमोर जुना पांगारा होता, त्याचे खोडास ढोली, आणि ढोलीत दयाळाची जोडी. दयाळ म्हणजे काळापांढरा लहान पक्षी, शेपूट उभी, आणि गळा असा की पहाटे शीळ घालू लागला म्हणजे पहारेकरीही भाला भिंतीस टेकून ऐकत. नर फांदीवर गाई आणि मादी ढोलीत अंड्यांवर बसे. राणीसाहेब म्हणत, "तिचीही कूस भरली, माझीही. दोघी सुखरूप सुटू." हे बोलणे राजांचे कानी गेले आणि काट्यासारखे रुतून बसले.

मग एके दिवशी तिसरे प्रहरी वावटळ उठली आणि पांगारा मधोमध चिरोन आडवा जाहला. राजे दरबार टाकून धावत गेले, तो ढोली फुटलेली, गवत पसरलेले, अंडी फुटलेली. राजांचे तोंड पांढरे पडले. म्हणाले, "टरफले उचला, माती सारखी करा, आणि राणीसाहेबांस कळू देऊ नका." एवढे मोठे झाड पडलेले, ते कोणास कसे कळू नये, हे विचारावयाची कोणाची छाती नव्हती. खिडकीस पडदा लाविला. दुसरे दिवशी पहाटे राणीसाहेबांनी विचारिले, "आज गाणे का नाही?" राजे म्हणाले, "पक्षी आहे, उशिरा उठला असेल." "आणि पडदा कशास?" "ऊन लागते." "पहाटे?" राणीसाहेबांनी आपले हाताने पडदा सारिला, आडवे झाड पाहिले, पोटावर हात ठेविला आणि खाली बसल्या. रडल्या असत्या तर बरे होते. रडल्या नाहीत, आणि त्या दिवशी जेवल्याही नाहीत, आणि भीती महालातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून पागेत, अशी सर्व राज्यात पसरली.

पुढे चार दिवसांनी पाहातात तो दयाळाची मादी चोचीत वाळले गवत धरोन फिरते. भिंतीतील देवळीत शिरली, तेथून दासीने हुसकाविली. कौलाखाली गेली, तेथे उंदीर. पुढे बुरुजावरील तोफेचे तोंडात डोकावली, तेव्हा किल्लेदार मानाजीराव, पल्लेदार मिशांचा गृहस्थ, बोंबलत सदरेवर आला की तोफ बिघडेल. परंतु राणीसाहेब खिडकीतून पाहात होत्या आणि म्हणाल्या, "तिला पुन्हा अंडी घालायची आहेत. जागा नाही तिला." राजांनी हे ऐकिले आणि तत्काळ मसलत बसविली. दिवाण म्हणाले, सुतारास सांगावे. राजे म्हणाले, "नाही. मी करीन. माझ्याने तिकडे काही होत नाही, इकडे तरी होऊ द्या." तिकडे म्हणजे कोणीकडे, हे सर्वांस समजले.

मग सागाच्या फळ्या आणविल्या आणि राजे सदरेवरच करवत घेऊन बसले. पहिले घर जाहले ते राज्याच्या रिवाजाप्रमाणे जाहले, म्हणजे दरवाजा थोर, कमानदार, त्यापुढे सज्जा, सज्ज्यास कठडा, आत हिरवा रंग, वर कळस. किल्लेदार म्हणाला, "पहाऱ्याची देवडी पाहिजे, नाहीतर पक्ष्याचा मान काय राहिला?" तीही केली. घर महालात दाखवावयास पाठविले. थोड्या वेळाने भागू सुईण बाहेर आली. ही भागू राणीसाहेबांजवळ रात्रंदिवस असे आणि राजांसही भीत नसे. म्हणाली, "सरकार, बाईसायेब इचारत्यात, ढोलीला सज्जा कुनी बघितलाय? त्यावर कावळा बसंल आन् आत चोच घालून पिल्लं वढून काढंल." राजे दचकले. भागू म्हणाली, "आन् दार येवढं मोठं की मैना शिरंल, साळुंकी शिरंल, मांजराचा पंजा बी जाईल. पाखराच्या अंगापुरतं पायजे. आन् रंगाच्या वासानं पिल्लं गुदमरत्यात." राणीसाहेब चार महिने खिडकीशी बसोन होत्या, ढोलीकडे त्यांच्याइतके राज्यात कोणी पाहिले नव्हते. किल्लेदाराचे तोंड उतरले. लिहिणारास त्याचे वाईट वाटले नाही.

मग दुसरे घर आरंभिले, आणि राजे दर गोष्ट आत पुसून करू लागले. फळी आतून रंधू नये, खरखरीत ठेवावी, म्हणजे पिलांस नखे रोवून दारापर्यंत चढता येईल, असा निरोप आला, तसे केले. तळास बारीक भोके पाडावी, म्हणजे पाणी साचणार नाही, आणि छपराखाली फट ठेवावी, म्हणजे आत उकडणार नाही; तसे केले. छप्पर पुढे वाढवून उतरते केले. एक बाजू खुंटीवर फिरती ठेविली, की पाखरे उडोन गेल्यावर जुने गवत काढून झाडता यावे. दाराचे भोक पाडताना राजांनी भागूस तीन वेळा आत पाठविले, आणि चौथे वेळी राणीसाहेबांनी रागावून आपले हातातील लहान बांगडीच बाहेर पाठविली की एवढे. घर जुळले आणि राजे भोकातून बोट घालोन आत खिळ्याचे टोक आले आहे काय हे चाचपू लागले. एकदा चाचपले, पुन्हा चाचपले, मग जेवावयास बसले ते अर्धे ताट टाकून उठले आणि पुन्हा चाचपले. एक टोक सापडले. कोणाच्या नखाएवढेही नसेल, परंतु राजे ते पाहोन घामाघूम जाहले आणि म्हणाले, "हे राहिले असते म्हणजे?" दिवाण म्हणाले, "राहिले नाही, महाराज." राजे म्हणाले, "परंतु राहिले असते." टोक कानशीने घासून काढिले.

आता घर कोठे बसवावे याचा विचार पडला. किल्लेदार म्हणाला, बुरुजावर. तेथे दुपारी दगड तापतो. दिवाण म्हणाले, आंब्यावर. आंब्यावर मांजर दिवसाढवळ्या चढते. मग राणीसाहेबांचे खिडकीसमोर, भिंतीपासून व फांद्यांपासून दूर, मोकळ्या जागी खांब पुरावा असे ठरले. खड्डा कमरेइतका खणिला, दगड घालोन धुमसाने ठोकिला, आणि राजांनी स्वतः खांबास धक्के मारून पाहिले. घराचे तोंड पूर्वेस केले, की मावळतीचे ऊन आणि पश्चिमेचा पाऊस आत जाऊ नये. साप व मांजर चढू नये म्हणोन खांबास काय घालावे यावर बहुत वाद जाहला, तो राजांनी मुदपाकखान्यातील तांब्याची थोर परात मागविली, मध्ये भोक पाडविले आणि ती खांबावर उपडी बसविली. सैपाकी रडला. मग शिडी लाविली आणि राजे घर काखेत घेऊन वर चढले. खाली शिडी एकीकडे दिवाणांनी व एकीकडे किल्लेदाराने धरिली, आणि दिवाण म्हणत, "महाराज, खाली पाहू नये," आणि किल्लेदार म्हणे, "महाराज, पायरीकडे पाहावे," आणि राजे म्हणाले, "तुम्ही दोघे गप्प बसा." खिडकीत राणीसाहेब उभ्या. घर बांधले, खिळविले, हलवून पाहिले, हलले नाही. राजे खाली उतरले. त्याच दिवशी घराखाली चौकी बसविली.

आता चूक कोठे जाहली ते सांगतो. या राज्यात जुना रिवाज असा की नवे घर कोणाचेही असो, धनी प्रथम उंबरा ओलांडून आत गेला की चौकीवरील शिंगवाल्याने शिंग फुंकावे. महालाजवळ नगारा बंद केला होता. शिंगाचे नाव हुकुमात घ्यावयाचे राहिले. मादी रोज येई, लांब कुंपणावर बसे, भालेकऱ्यांकडे पाही आणि जाई. राजे जास्वंदीआड लपून पाहात आणि ओठ चावीत. कोणास वाटले नाही की भाले पाहोन ती बिचकत असेल. भाले तर तिच्याच रक्षणास होते. शेवटी वैशाख शुद्धात एके सकाळी ती आली, छपरावर बसली, भोकाशी लोंबली, मान आत घातली आणि आत गेली. राजांनी डोळे मिटून हात जोडिले. आणि शिंगवाल्याने, गरीब मनुष्य, इमानाने, छाती भरून शिंग फुंकले.

मादी बाणासारखी निघाली ती भिंतीपलीकडे गेली. आणि वरून भागूची हाक आली, "वैद्याला बोलवा! बाईसायेबांच्या पोटात कळ आली!" त्या घटकेचे वर्णन करवत नाही. दासी पळाल्या, वैद्य पागोट्याशिवाय आला, पहारेकऱ्यांनी दार अडविले तर वैद्यासच आत जाता येईना, राजे तलवार उपसून दाराशी उभे राहिले, ती कोणावर चालवावी हे त्यांस ठाऊक नव्हते. शिंगवाला शिंग जमिनीवर ठेवून मुलासारखा रडत होता. आम्ही सर्व अंगणात उभे, आणि मागील दोन वेळा जे जाहले ते प्रत्येकाचे मनात, आणि कोणी कोणाकडे पाहीना.

कळ थांबली. वैद्य म्हणाला, दचकल्याची कळ, बाळ जागेवर आहे. राजे आत गेले आणि पलंगापाशी बसोन म्हणाले, "त्याचे हात तोडतो." राणीसाहेब म्हणाल्या, "त्याने काय केले? आपण उभा केला तेथे उभा राहिला. चौकी उठवा." राजे म्हणाले, "उठवितो." "तिच्या घरापासून उठवा, आणि माझ्या दारातूनही. मला श्वास पुरत नाही. तुपाची वाटीही हुंगून आत येते, कूस बदलली तर बाहेर भाला वाजतो. ती घाबरते आणि मी घाबरत नाही असे का वाटते आपणास?" राजे खाली पाहोन म्हणाले, "आणि काही झाले तर?" राणीसाहेब म्हणाल्या, "झाले तर आपण दारात तलवार घेऊन काय करणार?" राजे म्हणाले, "काही नाही." आणि हे दोन शब्द बोलताना त्यांचे डोळे भरोन आले, ते भागूने पाहिले व लिहिणारास सांगितले. राणीसाहेबांनी त्यांचे हातावरील करवतीचे ओरखडे पाहिले आणि म्हणाल्या, "घर उत्तम केलेत. आता त्यापासून दूर व्हा."

चौकी उठली. पहारा उठला. राजे जास्वंदीकडे फिरकले नाहीत. सदरेवर बसोन एकच कागद उलटसुलट वाचीत. मादी दुसरे दिवशी आली नाही. तिसरे दिवशीही नाही. किल्लेदार हळूच म्हणाला, एक मनुष्य लांबून तरी ठेवावा. राजांनी त्याजकडे असे पाहिले की तो घोडे पाहावयास गेला. मग एके पहाटे शीळ आली. प्रथम अर्धवट, मग पुरती. महालात कोणी धावले नाही, कोणी कोणास हाक मारिली नाही. दुपारी मादी गवत घेऊन आत शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. पुढे पिले जाहली, भोकातून पिवळ्या चोची दिसू लागल्या, आणि मांजर परातीपर्यंत चढोन निसटोन खाली पडले, ते राणीसाहेबांनी पाहिले आणि हसल्या. पिले उडाली, तेव्हाही राजे खालीच, दूर.

परंतु पिले उडाली म्हणोन राजांची धास्ती गेली नाही. ज्येष्ठ वद्यात सकाळी कळा सुरू जाहल्या आणि भागूने दार लावून घेतले. राजे दाराबाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करोन बसले. तलवार आणिली नव्हती. आतून ओरडणे ऐको येई तेव्हा त्यांचे खांदे वर जात आणि हात पायरीचे दगडास घट्ट धरीत, परंतु उठले नाहीत, वैद्यास पुसले नाही, दार ठोठाविले नाही. दिवाण शेजारी येऊन बसले. मग आतून सर्व शांत जाहले. ती शांतता फार लांबली. दिवाणांनी डोळे मिटिले. मग रडणे आले, बारीक, चिडलेले. दिवाण उठले, राजांनी त्यांचे उपरणे ओढून बसविले. दार उघडून भागू बाहेर आली, घामाने भिजलेली, आणि म्हणाली, "मुलगी झाली, सरकार. बाईसायेब बऱ्या हायती. चला आत." राजे उठले, पाय बधिर जाहले होते, भिंत धरोन चौकटीपर्यंत गेले आणि तेथे थांबले. राज्य त्यांचे, महाल त्यांचा, दार उघडे, आणि तरी बाहेरूनच हळू आवाजात पुसले, "येऊ का?" आतून उत्तर आले, "या. हळूच."

येणेप्रमाणे हकीकत. खोके सागाचे, खांब पक्का, तोंड पूर्वेस, भोक अंगापुरते. राजे पुढे बहुत वर्षे राज्य करीत होते आणि भीत होते. फरक इतकाच की भीती घेऊन दाराबाहेर बसावयास शिकले. लिहिले आहे ते जसे वर्तले तसे लिहिले आहे. लोभ असावा.