मखमलीखालचं संशोधन

वैदेहीबाईंचा संताप गेले सहा महिने मखमलीखाली झाकलेला होता. ज्वारीची भाकरी थापून कडक वाळवणारं यंत्र त्यांनी स्वतः घडवलं होतं. ते केराबाईच्या बचत गटाला द्यायचंही ठरलं होतं. पण हार, नारळ आणि पाहुणे यांच्याशिवाय विद्यापीठातून तंत्रज्ञान बाहेर कसं पडणार? उद्घाटनाच्या पाहुण्यांना सवड नव्हती. यंत्र सभागृहात लाल मखमल पांघरून बसलं होतं.

"मॅडम, मशीन कवा देताव?" केराबाई दारातच कडाडली. "गड्ड्याची जत्रा आली की तोंडावर! थापून थापून बायांचे हात गेले!"

वैदेहीबाई तडक विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाच्या नारायणरावांकडे गेल्या.

"उद्घाटनाआधी हात लावायचा नाही," नारायणराव शांतपणे म्हणाले. "राष्ट्राच्या नवनिर्मितीचा प्रश्न आहे."

"राष्ट्राला भाकरी लागत नाही का?"

"लागते ना. पण फीत कापल्यावर."

बाईंचं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत गटाच्या बायकांनी यंत्र टेम्पोत चढवलं. मखमलीखाली बाईंनी विभागाचा एकुलता एक कूलर सरकवला. थंडीत तो तसाही रिकामाच होता. जत्रा संपली की अदलाबदल करू, असा बेत.

आणि ऐन जत्रेत पाहुणे एका लग्नाला सोलापुरात आले. 'आलोच आहे तर' म्हणून विद्यापीठातही आले!

बाईंनी धावत केराबाईला फोन केला. "यंत्र आण!"

"आता कसलं आणू? गिऱ्हाईक हुबं हाय! भाकऱ्या पाठवते."

फीत कापली, मखमल ओढली, पाहुण्यांनी बटण दाबलं. फुर्रर्र! हाराच्या पाकळ्या उडून नारायणरावांच्या तोंडावर. बाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात मागून भाकऱ्यांची परात आली. पाहुण्यांनी तुकडा मोडला.

"वा! काय कडक! आणि निघते गार! हात भाजायची भीतीच नाही की!"

टाळ्या थांबेनात. नारायणराव सर्वांत जोरात वाजवत होते.

एप्रिल उजाडला. सोलापूर तव्यासारखं तापलं. कूलर 'भाकरीयंत्र' म्हणून विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेआड, गळ्यात सुकलेला हार. यंत्र केराबाईकडे, राबतंय. भाकऱ्या द्यायला आलेली केराबाई बाईंकडे बघतच राहिली.

"मॅडम, लई घाम आलाय की! तो कूलर तरी आणा माघारी."

"त्याला हात लावायचा नाही," बाई फाइलीनं वारा घेत फणकारल्या. "त्याचं उद्घाटन झालंय!"

"मग नवा मागा की."

"आलाय ना. सभागृहात आहे," बाई दात खात म्हणाल्या, "मखमलीखाली."