पाणघोडा वर येईपर्यंत

अरविंद आजोबांसमोर झोपू नये. आपला डोळा लागला की ते हळूच येतात, नाकाखाली बोट धरतात आणि समाधानाने म्हणतात, "हवा येतेय-जातेय. बाकी गौण." साउथहॅम्प्टनला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांचं भाषण चालू असताना त्यांनी पहिल्या रांगेतल्या पेन्शनरांची ही तपासणी केली होती. अध्यक्षांनी त्यानंतर आम्हाला बोलावलेलं नाही.

मुलांनो, तुम्ही मेलबर्नला असल्यामुळे वाचलात. अरविंद म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात जन्मभर पेशंटना भूल देऊन त्यांचा श्वास सांभाळत बसले. ते रिटायर झाले, त्यांचं बोट मात्र झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी सुमन, त्यांची बायको, गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. भावोजी शेजारच्या खोलीत क्रॉसवर्ड सोडवत होते. तेव्हापासून क्रॉसवर्ड बंद. याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मीही एवढंच लिहून पुढे जाते.

आफ्रिकेत जाऊन सिंह बघायचा, हा त्या दोघांचा जुना बेत. तो पुरा करायला यंदा मेडनहेडहून आम्ही दोघं त्यांच्यासोबत झांबियाला गेलो. नदीकाठी पाच-सहा तंबूंचा कॅम्प. नियम अगदी माझ्या आवडीचे: जेवण वेळेवर, बूट झटकून घालायचे, अंधारात एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही. तुमच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी तिन्ही मोडले.

भावोजींना समोरच्या डोहात एक म्हातारा पाणघोडा सापडला. त्याने बुडी मारली की भावोजी काठावर श्वास रोखून उभे. तो वर येऊन फुर्रकन पाणी उडवायचा, मग भावोजी "हवा येतेय-जातेय" म्हणायचे आणि मगच चहाचा घोट घ्यायचे. सकाळी जीप तयार, गाइड स्टिअरिंगवर, आणि भावोजींचा हात वर: "वन मिनिट! ही इज स्टिल डाउन!"

"अरे, पाणघोडा आहे तो!" तुमचे आजोबा जीपमधून ओरडले. "तुझा पेशंट नाही!"

"ऑपरेशनच्या लिस्टवर नव्हता, मान्य आहे दादा. पण माझ्यासमोर बुडालाय ना!"

या धांदलीत हत्ती दिसले, जिराफ दिसले. सिंह मात्र दरवेळी आम्ही पोचायच्या आधीच निघून गेलेला. तुमचे आजोबा अजूनही पाणघोड्यालाच जबाबदार धरतात. भावोजी हिरमुसायचे. "सुमनला काय सांगू?" असं एकदा जेवताना बोलून गेले, आणि लगेच मीठ मागितलं.

शेवटच्या दुपारी नदीकाठच्या खुर्चीत माझा डोळा लागला. जाग आली तर कॅम्प सामसूम. समोर स्टुलावर भावोजी, टोपी गुडघ्यावर.

"बाकीचे कुठे गेले?"

"पलीकडच्या वळणावर सिंह दिसलाय. सगळे गेले."

"आणि हे?"

"दादा तर सगळ्यांत आधी चढला."

"अहो, पण सिंह तुमचा! त्याच्यासाठीच आलो ना आपण? मला उठवायचं तरी!"

"इतकी गाढ झोप कशी मोडायची?" ते म्हणाले. "आणि झोपलेल्या माणसाला एकटं टाकून कसं जायचं?" थोडा वेळ टोपीची कड चाचपत बसले. "वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही फार छान घोरता. एका लयीत. सुमन घोरायची नाही. पलीकडच्या खोलीत मला काही कळलंच नाही."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई. घोरण्याचा आरोप लग्न झाल्यापासून फेटाळत आले आहे.

नदीत पाणघोड्याने बुडी मारली. भावोजींनी तिकडे पाहिलंही नाही. जीप परतायला अजून वेळ होता. मी खुर्चीत नीट टेकले, डोळे मिटले आणि चांगलं मोठ्याने घोरायला लागले.