गट नंबर एकशे बाराची तिसरी बैठक

नकाशा काढताना मोजणीदाराची नजर मोबाईलवर गेली, की त्या क्षणी कागदावर जे काढणं चाललेलं असतं ते गावातून नाहीसं होतं. यात नवल काही नाही. आमच्या तालुक्याच्या मोजणी कचेरीत त्यासाठी छापील गुलाबी अर्ज मिळतो. काय गेलं, किती वाजता गेलं, जाताना आत कोणी होतं का, असे त्यात तीन रकाने आहेत. बहुतेकदा बांध जातो, नाहीतर एखादी बाभळ. एकदा एकाने क्रिकेटचा स्कोअर पाहिला आणि अर्धी विहीर गेली. लोक अजून उरलेल्या बाजूने पाणी काढतात.

मी या कचेरीत सव्वीस वर्षं काढली, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. तिसरा रकाना भरलेला अर्ज मी या मे महिन्यात पहिल्यांदा पाहिला. तो आसरवाडीच्या शेवंताबाई कोळपे यांचा होता. रकान्यात एकच शब्द होता, 'मालक'.

"चुलीवर आधण ठेवलं हुतं," त्या म्हणाल्या. "मी परसात गवती चहा तोडाय गेले. माघारी वळले तर घरच न्हाई. नुस्ती सपाट जमीन. बाई, आमचं मालक आत हाईत वो."

गट नंबर एकशे बारा. नकाशा किरण अवताडेकडे होता. पोरगा हुशार, रेघ मारली तर दोरा धरल्यासारखी. पण मोबाईलच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, पालथ्या घड्यावर पाणी.

"काय बघत होतास रे?"

त्याने मान खाली घातली. "गालिचा धुवायचा व्हिडिओ होता, मॅडम."

"कुणाचा गालिचा?"

"माहीत नाही."

मला असा संताप आला! कुठल्या कोण जाणे गालिच्यापायी निवृत्ती कोळपे राहत्या घरासकट गेले होते.

नियम सरळ आहे. ज्याच्या हातून गेलं त्यानेच ते परत काढायचं, एका बैठकीत, चाळीस मिनिटं, लक्ष न मोडता. अशा बैठका तीन मिळतात. तिसरीही फुकट गेली की गट नंबर तांबड्या शाईने खोडायचा, मग आत कोणी का असेना.

पहिल्या बैठकीला मी अवताडेचा फोन कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. बाराव्या मिनिटाला त्याचा हात खिशाकडे गेला. रिकाम्या खिशाकडे!

"वाजल्यासारखं झालं, मॅडम," तो म्हणाला. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आल्या. घर आलं होतं, पण बिनदाराचं, बिनखिडकीचं. चारी बाजूंनी भिंत. गावकऱ्यांनी पहार घालून भिंत फोडली, तर पलीकडे शेजाऱ्यांचा गोठा लागला. दुसरी भिंत फोडली, पुन्हा तोच गोठा, तीच म्हैस. मालकांचा आवाज मात्र भिंतीतूनच येत होता.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"चहा झाला का म्हनत्यात. मी म्हनते, हुतोय."

दुसऱ्या बैठकीला अवताडेने स्वतःच खिसे शिवून आणले. एकोणीस मिनिटं सुरेख गेली. मग मी पाहिलं, त्याची नजर कागदावर होती, पेन्सिलही चालू होती, पण डावा अंगठा कागदाच्या कडेला हळूहळू वर सरकत होता. पुन्हा खाली यायचा, पुन्हा वर. त्याला पत्ताच नव्हता. शेवटी त्यानेच तो पाहिला आणि पेन्सिल ठेवून रडायला लागला.

आता आवाज खालून येतो, असं शेवंताबाईंनी सांगितलं. लांबून. अजून चहाच विचारतात.

तिसऱ्या बैठकीच्या दिवशी त्या सकाळच्या एसटीने आल्या आणि म्हणाल्या, "मी ह्या सायबांसमूर बसू का?" मी परिपत्रक काढून वाचलं. अर्जदाराने बसू नये असं कुठेही नव्हतं. त्यांचाही फोन मी कपाटात ठेवला.

त्या अवताडेच्या समोर बसल्या आणि घर सांगू लागल्या.

"हितं उंबरा. मधी झिजलाय, तेवढा खाली घ्या. हितनं चार पावलं चूल. चुलीच्या डाव्या अंगाला मालक बसत्यात, भिंतीला टेकून. तिथं भिंतीला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग हाय."

अवताडे काढत होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अंगठा निपचित पडला होता. असं लक्ष मी त्याच्यात कधी पाहिलं नव्हतं, खरं सांगायचं तर कुणातच नाही. कपाटात कुणाचातरी फोन थरथरला. दचकले ती मीच, त्याची पापणीही हलली नाही.

"आन् ह्या खिडकीखाली चंदाचं अंथरून," शेवंताबाई म्हणाल्या. "उशाकडनं वारं येतं. तिला तापात वारं लागतं."

फाईल माझ्या मांडीवर होती. अर्जाला रेशनकार्डाची झेरॉक्स जोडलेली होती. त्यावर तीन नावं. तिसरं, चंदा, वय नऊ. त्यावर आडवी रेघ, पुढे 'मयत', आणि चौदा वर्षांपूर्वीची तारीख.

मी तोंड उघडलं. एक शब्द बोलले असते तर अवताडेने मान वर केली असती, आणि निवृत्ती कोळपे कायमचे गेले असते. माझ्या डोळ्यांदेखत चुकीची नोंद मी आजवर होऊ दिली नव्हती. मी तोंड मिटलं. त्याची पेन्सिल खिडकीखाली गेली, चार बारीक रेघा मारल्या, उशी काढली, आणि पुढे सरकली.

एकेचाळिसाव्या मिनिटाला त्याने पेन्सिल ठेवली. लगेच कपाटात फोन वाजला. शेवंताबाईंचा होता; मी कुलूप काढून त्यांच्या हातात दिला. तो स्पीकरवरच चालायचा.

"अगं, गवती चहा तोडाय गेलीस का लावाय?" निवृत्ती कोळपे म्हणाले. "आधण आटलं की! आन् ही पोरगी अजून लोळतीया. उठवली तर उठंना."

शेवंताबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाल्या, "कपाळाला हात लावून बघा."

पलीकडे पावलं वाजली.

"न्हाई गं. ताप उतारलाय."

अवताडे आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

मी शेवंताबाईंकडे पाहिलं. माझं काम होतं ते मला करायलाच हवं होतं. "बाई, नकाशात काही दुरुस्ती असेल तर आत्ताच सांगा," मी म्हणाले. "सही झाल्यावर बदलत नाही."

"सही झाल्यावर कुनालाच बदलता येत न्हाई?"

"कुणालाच नाही."

"मग करा की बाई सही," त्या म्हणाल्या. "बिगीबिगी करा."

मी नकाशा पुढे ओढला. प्रत्यक्ष जागा आणि नकाशा तंतोतंत जुळतात, असा शेरा लिहिला आणि खाली सही केली.