राणीचा गाल

चिठ्ठी क्र. १. राणीछाप रुपया, साल १८६२. मालक: शिवदास. दर्जा: अव्वल. झीज: अजिबात नाही. परीक्षक: शिवदास.

हो, तोच! मुलुंड पूर्वेच्या 'पारिजात' सोसायटीच्या नाणे-स्पर्धेत परीक्षकही तो आणि स्पर्धकही तोच. मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिलेला आणि स्वतःचं भिंग बाळगणारा माणूस पक्षपात करूच शकत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

"झीज ओळखायची तर राणीचा गाल बघायचा," तो सेक्रेटरी अनिरुद्धला ऐकवायचा. "उठावदार गाल म्हणजे नाणं अव्वल. सपाट झाला की खेळ खलास! मला तर आता भिंगही लागत नाही यार!"

स्पर्धेत रुपये तीनच: शिवदासचा, अनिरुद्धचा आणि तळमजल्यावरच्या मालनकाकूंचा. तिन्ही राणीछाप, तिन्ही एकाच सालचे, तिन्ही तव्यासारखे काळे. शिवदासचा आला होता आईच्या देव्हाऱ्यातून. गिरणीत राबलेल्या धोंडूआजोबांची तेवढीच ठेव उरली होती. रुपया देताना आईने, शेवंतीने, बजावलं होतं, "लक्ष्मीपूजनाक माका परत व्हयो! हरवलंस तर घरात पाय ठेवू नको!"

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी शिवदास अनिरुद्धबरोबर सोसायटीच्या ऑफिसात गेला. टेबलावर ताट, ताटात झेंडूची फुलं, फुलांत तीन रुपये. लखलखीत!

"काकू! हे काय?"

"घासले! रांगोळीने," ऑफिसची चावी सांभाळणाऱ्या मालनकाकू म्हणाल्या. "सणाच्या दिवशी लक्ष्मीचं तोंड काळं? बघ, कसे झकास चमकतायत!"

जुनं नाणं घासू नये, असं अकरापैकी नऊ व्हिडिओंत सांगितलं होतं. शिवदासने ताटातली फुलं उलटीपालटी केली.

"आणि चिठ्ठ्या?"

"भिजल्या, टाकल्या. तू परीक्षक ना रे? ओळख की आता!"

(इथे गोष्ट जरा थांबते. शिवदासला खरं बोलायला पुरेसा वेळ मिळतो. तो वेळ वाया जातो.)

"त्यात ओळखायचं काय!" तो म्हणाला. एका राणीचा गाल पुरणपोळीसारखा टम्म. "हा आमचा!" दुसरीचा बेताचा. "अन्या, हा तुझा." तिसरीला गालच नव्हता, राणी जणू इस्त्रीखालून निघाली होती! "काकू, हा तुमचा. वितळवा आणि जोडवी करा!"

काकूंचं तोंड एवढंसं झालं.

घरी शेवंतीने रुपया हातात घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला.

"ह्यो आपलो नाय."

"आई, अगं दर्जा बघ त्याचा..."

"दर्जा घाल चुलीत! आमच्या राणीक गाल खंय आसा? तू धावीक बसलस तेवा निकाल लागापर्यंत मी ह्यो रुपयो अंगठ्यान चोळीत देवाक गाऱ्हाणां घालीत बसलंय. नि तू एकदाच बसलस? तीनदा!"

शिवदास चार जिने एका दमात उतरला. मालनकाकू फाटकापाशी रिक्षात पाय ठेवत होत्या.

"काकू, थांबा! कुठे निघालात?"

"सोनाराकडे. जोडवी करायला. तूच म्हणालास ना!"

"तो रुपया आमचा आहे! तुमचा हा घ्या, टम्म गालाचा."

"अरे वा! मगाशी तुझा तो अव्वल होता. आता हा झिजका तुझा? कशावरून?"

सांगावं लागलं. तिथेच, फाटकात. अनिरुद्धने ऐकलं, वॉचमनने ऐकलं, रिक्षावाल्याने तर इंजिन बंद करून ऐकलं.

काकूंनी रुपया दिला, पण एका अटीवर. त्यामुळे भाऊबीजेपर्यंत 'पारिजात'च्या नोटीस बोर्डावर, पाणीकपातीच्या सूचनेशेजारी, शिवदासच्या सुवाच्य अक्षरात हे लागलेलं होतं:

चिठ्ठी क्र. १ (सुधारित). राणीछाप रुपया, साल १८६२. मालक: शिवदास. दर्जा: गाल नाही. परीक्षक: आई. झीज: मार्च, ऑक्टोबर आणि पुन्हा मार्च.