पायगुणाचा तपास

सासूबाई राहायला आल्या आणि आठवडा उलटायच्या आत घरातल्या एसीला वेड लागलं. आधी घराचं शीतगृह व्हायचं. सगळे पांघरुणं ओढून बसले की एसी गप्प व्हायचा, तो असा गप्प की घामाच्या धारा लागल्या तरी हूं की चूं करायचा नाही. माणसाला बरं वाटेल असं हवामान घरात यायचं, पण ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना, पाहुण्यासारखं उभ्या उभ्या.

"अंगावर शाल घेऊ की पुठ्ठ्याने वारा घालू, एकदाच काय ते सांग," बायको म्हणाली. तिच्या एका खांद्यावर शाल होती आणि दुसऱ्यावर बाळ.

"बघतो," जावई म्हणाला.

तो पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता. बिघाड दिसला की इतरांना वैताग येतो, त्याला भूक लागल्यासारखं व्हायचं. त्याने एसीची जाळी काढून धुतली. स्टुलावर चढून छतातल्या प्रत्येक झरोक्याखाली हात धरून वारा तपासला. हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅटची चपटी डबी होती. घरातली हवा किती गरम आहे ते बघून 'चालू हो', 'बंद हो' असा हुकूम एसीला तीच द्यायची. तिच्या बॅटऱ्याही त्याने बदलल्या. एसीचं वेड जिथल्या तिथे.

खरं तर एसीविना त्यांचं चाललं असतं. सासूबाईंविना चाललं नसतं. त्या येण्याआधी ही दोघं पाळीपाळीने जेवत, पाळीपाळीने झोपत आणि पाळीपाळीने एकमेकांवर खेकसत. एकदा तर जावई दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून प्रयोगशाळेत गेला होता. सासूबाई आल्या आणि बाळ शहाण्यासारखं झोपू लागलं, ताटं एकत्र वाढली जाऊ लागली, मोज्यांचेही संसार जुळले. सोमवारपासून बायको पुन्हा कामावर जाणार होती, ती केवळ आईच्या जिवावर. शिवाय सासूबाईंचे हात रिकामे राहत नसत. बाळासाठी स्वेटर आणि टोपडी विणून झाल्यावर उरलेल्या लोकरीतून त्यांनी रिमोटला, बाटलीला, चष्म्याच्या डबीला, दिसेल त्या वस्तूला अंगडी-टोपडी चढवली होती. जावई प्रत्येक वस्तूचं मनापासून कौतुक करायचा. गरम पोळी खायला मिळतेय म्हटल्यावर माणूस लोकरीच्या बाटलीलाही नावं ठेवत नाही.

म्हणूनच शुक्रवारी संध्याकाळी त्या जे बोलल्या, ते ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"जावईबापू, मी रविवारी निघते."

"का हो आई? माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार? मी आले आणि तुमचं चांगलं चालतं यंत्र बिघडलं. माझा पायगुणच तसला."

"आई, काहीतरीच काय!" बायको म्हणाली.

"काहीतरी नाही. लग्न होऊन मी घरात पाऊल टाकलं आणि भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. तेव्हापासून दूध नासलं तरी थोरल्या जाऊबाई आधी माझ्या पायांकडे बघायच्या." त्यांनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. "यंत्राचं मला काही नाही गं. पण घरात तान्हं लेकरू आहे. त्याला काही झालं तर?"

यावर हसणं शक्य नव्हतं. त्या खरोखर घाबरल्या होत्या.

जावयाने त्याच क्षणी ठरवलं, की रविवारच्या आत एसीचा खरा दोष शोधायचा आणि सासूबाईंना निर्दोष सोडवायचं.

शनिवारी सकाळी मेकॅनिक येणार म्हटल्यावर सासूबाईंनी घर लख्ख आवरलं, आपलं लोकरीचं सगळं सामान कपाटात कोंबलं आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या. मेकॅनिकने यंत्र उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. एसी इतका गुणी निघाला की विचारू नका. ठरलेल्या तापमानाला बंद, जरा गरम झालं की चालू.

"साहेब, यंत्र ठणठणीत आहे. बिघाड असता तर मी सोडला असता का?"

"पण काल तर–"

"काल असेल. आज नाही."

सासूबाईंनी मान हलवली. "म्हणजे बिघाड यंत्रात नाहीच," त्या हळूच म्हणाल्या आणि आत जाऊन बॅग काढली.

मेकॅनिक गेला, सासूबाईंनी लोकरीचं सगळं सामान पुन्हा ज्याचं त्याला चढवलं आणि दुपारी घर पुन्हा गारठलं. आता जावई इरेला पेटला. त्याने प्रयोगशाळेतून मागून आणलेले तापमापक घरभर टांगले. एक पाळण्याजवळ, एक स्वयंपाकघरात, एक खिडकीला.

"आता एक माझ्या तोंडात लाव," बायको म्हणाली. "माझाही पारा चढलाय."

शेवटचा तापमापक थर्मोस्टॅटशेजारी टांगायचा होता, पण तिथे खिळा नव्हता. म्हणून त्याने तो थर्मोस्टॅटच्या लोकरीच्या टोपड्यात खोचला आणि चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा घरातले बाकीचे तापमापक एकवीसच्या आसपास होते. टोपड्यातला सत्तावीस दाखवत होता.

जावई टोपड्याकडे बघत राहिला. जाड, दुहेरी विणीचं, कडेने घट्ट, आकडे दिसावेत म्हणून समोर छोटीशी खिडकी. 'थेट वाऱ्यात असते बिचारी' म्हणून सासूबाईंनी ते विणलं होतं आणि 'वा, काय मापात बसलंय!' असं त्यानेच म्हटलं होतं. आता ती डबी लोकरीच्या आत, कोंडलेल्या उबेत बसून घर गरम आहे असं समजत होती. बाहेरची थंडी आत झिरपेपर्यंत माणसं कुडकुडत, आणि एकदा झिरपली की बाहेर उकडायला लागलं तरी तिला पत्ता नसे. बॅटऱ्या बदलताना त्याने स्वतः ते टोपडं काढून, नीट पुन्हा चढवलं होतं. आणि सकाळी ते इतर सामानाबरोबर कपाटात होतं.

त्याने टोपडं खिशात घातलं आणि बायकोला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुझ्या आईला निर्दोष सोडवायला निघालो होतो," तो कुजबुजला, "तर त्या मुद्देमालासकट सापडल्या."

"हळू बोल! आईला कळलं तर आत्ताच्या आत्ता जाईल. दुसरं काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"वायर सांग. वायरीला कुणी विचारत नाही."

जावयाने मेकॅनिकला फोन करून हातापाया पडून समजावलं आणि सासूबाईंसमोर स्पीकर लावला.

"काकू, वायर ढिली होती बघा," मेकॅनिक म्हणाला.

"सकाळी तर तुम्ही काही नाही म्हणालात."

"सकाळी... घट्ट होती."

"मग ढिली कधी झाली?"

"मी गेल्यावर."

"आणि आता?"

"आता झाली घट्ट."

"कोणी केली?"

"आपोआप, काकू."

"आपोआप!" सासूबाईंचा चेहरा उतरला. "बघा जावईबापू. मी बॅग भरली आणि वायर आपोआप घट्ट झाली. आणखी काय पुरावा हवा?"

त्या उठल्या. जावयाच्या डोळ्यांसमोर सोमवार उभा राहिला, पण त्याहीपेक्षा त्याला ती बॅग बघवेना. त्याने खिशातून टोपडं काढलं.

"आई, माफ करा. तुमच्या पायांचा काही दोष नाही. दोष ह्याचा आहे."

त्याने सगळं सांगितलं. पुरावा म्हणून तापमापकही दाखवला. बायकोने डोळे मिटून घेतले.

सासूबाई टोपड्याकडे बघत होत्या. "म्हणजे मी हे घातलं म्हणून यंत्र बिघडलं?"

"हो."

"घातलं नसतं तर?"

"नसतं बिघडलं."

"मी घरात असूनही?"

"तुम्ही घरात असूनही."

"नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"आई, शंभर टक्के तुमचीच चूक आहे."

सासूबाईंनी टोपडं हातात घेतलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडताहेत असं वाटून जावई पाणी आणायला धावला, तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? त्या बिचाऱ्या मेकॅनिकला कशाला खोटं बोलायला लावलंत? चूकच आहे ना? ती उसवता येते. पाय कुठे नेऊन टाकणार होते मी?"

बॅग कॉटखाली गेली. बाळाला मांडीवर घेऊन सासूबाईंनी सगळ्यात आधी फोन लावला तो थोरल्या जाऊबाईंना.

"जाऊबाई, ऐकताय ना? लेकीचा एसी बिघडला होता... नाही, नाही, पायगुण नाही! मी स्वतः बिघडवला! माझ्या या हातांनी!" त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता. "खोटं वाटतं? थांबा, आमचे जावई प्रयोगशाळेत असतात, त्यांच्याच तोंडून ऐका."

त्यांनी फोन पुढे केला. जावयाने घसा साफ केला आणि आपल्या सासूबाईंवरचा आरोप, जन्मभराच्या कृतज्ञतेने, शब्दाला शब्द न गाळता, जाऊबाईंना दोनदा ऐकवला.